थोरल्या दिराची मिशी

मालवणच्या एस्टी स्टँडवर माझा थोरला दीर फाटक्या गोणपाटावर बसलेला दिसला, त्या सकाळी मला आनंद झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याबद्दल भलताच चांगला समज करून घेणार नाही.

साडेसहा वाजले होते. रोज त्या वेळी आम्ही तिघं स्टँडवर जातो. टीचर, एक रिक्षावाला आणि मी. टीचर म्हणजे गावातल्या ख्रिस्ती शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण अख्खं मालवण त्यांना अजून टीचर म्हणूनच हाक मारतं. चर्चमधल्या दोन बायका पहाटे उकड्या तांदळाची पेज करून देतात. रिक्षावाला पेजेचा टोप रिक्षात घालून आणतो. स्टँडवर, मच्छीमार्केटच्या मागे आणि जेटीच्या वाटेवर ज्यांना घर नाही अशी माणसं असतात, त्यांना टीचर पेज वाढतात. माझ्याकडे जखमा. मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते, त्यामुळे सडलेली बोटं, भाजलेले हात, किडे पडलेले पाय हे सगळं माझ्या वाट्याला येतं.

त्या दिवशी शेवटच्या बाकाखाली एक नवा म्हातारा होता. पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. मी मास्क चढवला, पिशवी सोडली आणि तो पाय पाहिला. डाव्या पायाला करंगळी नव्हती. ती ट्रॉलरच्या दोरात गेली होती, माझं लग्न व्हायच्याही आधी. मी त्या घरात सहा वर्षं सून होते. थोरल्या दिरासमोर मान वर करायची रीत नव्हती. म्हणून त्याचा चेहरा मी जेवढा पाहिला, त्याहून जास्त त्याचे पाय पाहिलेत. पाय ओळखल्यावर मी वर बघितलं. दाढी वाढलेली, डोळ्यांवर मोतीबिंदूची साय, पण मिशी तीच. दोन्ही टोकांना वर वळवलेली, पांढरी झालेली. अंगावरच्या सदऱ्याला बटणं नव्हती, तरी मिशीला पीळ होता.

मी किडे काढले, जखम धुतली, पट्टी बांधली आणि त्याच्याशी काही न बोलता, पुढच्या माणसाला हाक मारून त्याच्याकडे गेले.  मला फार हलकं वाटत होतं.

माझा नवरा एकवीस वर्षांपूर्वी तापाने गेला. लेप्टो झाला होता, कळायला उशीर झाला, आठवड्यात सगळं आटोपलं. मुलगी तीन वर्षांची होती. चौदाव्या दिवशी सकाळी मी विहिरीवरून कळशी घेऊन आले, तर माझी ट्रंक खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, ठेवलेली. वर दोन टोप, एक तवा आणि मुलीची बाहुली. दीर पडवीत उभा होता.

"हय आता तुझा काय नाय," तो म्हणाला. "आवशी-बापाशीकडे जा."

"माझी आवस-बापूस खंय आसत?" मी विचारलं. दोघंही माझ्या लग्नानंतर गेले होते आणि हे त्याला माहीत होतं. त्यांच्या तेराव्याला तो जेवून गेला होता.

त्याने मिशीवरून बोट फिरवलं. "मगे एस्टी स्टँडार जावन ऱ्हव. थंय कोण कोणाक नाय म्हणना नाय."

जाऊ आत चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही. वाडीतली चार माणसं गडग्याच्या दगडी बांधापलीकडे उभी राहून बघत होती, तीही काही बोलली नाहीत. मी ट्रंक उचलली, मुलीला काखेत घेतलं आणि खरोखरच एस्टी स्टँडवर गेले. दुसरीकडे जायला जागा नव्हती म्हणून गेले. पण माझ्या मनात असं बसलं की मी त्याची आज्ञा पाळली. याचा मला फार राग येई. अजूनही येतो.

स्टँडवर मी नऊ दिवस होते. जे तिथे कधी राहिले नाहीत त्यांना वाटतं की उपास काढणं सगळ्यात कठीण. तसं नाही. कुणी ना कुणी मुलीच्या हातात वडापाव ठेवी, त्यातलं मलाही मिळे. सगळ्यात कठीण होतं ते संडासला जाणं. ट्रंक कुणाजवळ ठेवायची आणि मूल कुणाजवळ द्यायचं? बायकांच्या मोरीच्या दाराला आतून कडी नव्हती. मी दिवसभर पाणी पीत नसे. तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली. ट्रंकेवर बसून मी लुगड्याचा बोळा धरून होते आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायका माझ्याजवळून जाताना पदर आवरून घेत होत्या.

टीचर तेव्हा नोकरीत होत्या, रोज स्टँडवरून गाडी धरून शाळेला जायच्या. चौथ्या दिवशी त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या आणि मग सरळ खाली फरशीवर, माझ्या बाजूला बसल्या. इस्त्रीची साडी नेसून.

"चेडवाक माझ्याकडे दी," त्या म्हणाल्या. "ट्रंकेकडे मी बघतंय. तू जावन न्हावन ये. घाई करू नको."

त्यांच्या पिशवीत साबण होता, टॉवेल होता, एक धुतलेला परकर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कापडाच्या घड्या होत्या. आदल्या दिवशी मला बघूनच त्यांनी ते बांधून आणलं होतं. दाराला लावायला एक सुतळीचा तुकडासुद्धा होता. मी आत गेले, सुतळी बांधली आणि दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं. बाहेर आले तेव्हा त्यांची गाडी निघून गेलेली होती आणि मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती. देवाचं नाव त्यांनी काढलं नाही. मी कोण, कुठली, असं का झालं, हेही त्या दिवशी विचारलं नाही. फक्त माझं नाव विचारलं, आणि त्यानंतर रोज नावाने हाक मारली. नवव्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत नेलं. तिथून मी दवाखान्यात आया म्हणून लागले, मग ड्रेसिंग शिकले. मुलगी मोठी झाली, आता गोव्यात नर्स आहे.

टीचर निवृत्त झाल्यावर त्यांनी चर्चमध्ये बोलून हे स्टँडचं काम सुरू केलं आणि पहिल्या दिवसापासून मी त्यांच्यासोबत आहे. मी हिंदूच आहे. माझ्या खोलीत दरवर्षी गणपती येतो. मी बाटले असं आमच्या वाडीत बोलत असत, ते माझ्या कानावर यायचं. टीचरनी मला कधी चर्चला ये म्हटलं नाही. पेज वाटून झाली की टीचर आणि रिक्षावाला रिक्षाजवळ उभे राहून प्रार्थना म्हणतात, मीही हात जोडून उभी राहते. त्यात एक ओळ अशी आहे की आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे. बाकी सगळी प्रार्थना मी त्यांच्यासोबत म्हणते. त्या ओळीला मी तोंड मिटते. टीचरना हे दिसत असणार.

तर, दीर दिसला त्याच्या दुसऱ्या सकाळपासून मी सुरू केलं.

टीचरनी आम्हाला या कामाच्या काही गोष्टी शिकवल्या आहेत. उभं राहून बोलायचं नाही, खाली बसायचं, माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला यायचं. हात लावायच्या आधी विचारायचं. मोठ्या माणसाला अहो-जाहो करायचं, भले तो कितीही घाण असो. चारचौघांत त्याच्या घरादाराच्या चौकश्या करायच्या नाहीत. फोटो काढायचा नाही. पेजेच्या बदल्यात प्रार्थना मागायची नाही. हे सगळं मला इतरांच्या बाबतीत श्वास घेण्यासारखं सोपं जातं. माझ्या दिराच्या बाबतीत मी त्यातलं एकेक शोधून मोडलं. टीचर जेटीच्या वाटेला गेल्या की मोडायचं, एवढं भान ठेवलं.

मी त्याच्यासमोर उभी राहायची आणि मोठ्याने विचारायची, "काय रे, नाव काय तुझा?"

ती शेवटची सकाळ सोडली तर सहा वर्षं ज्याच्यापुढे तोंडातून शब्द काढला नव्हता, त्याला मी अरे-तुरे करत होते. तो हळूच नाव सांगायचा.

"आयकाक येना नाय. मोठ्यान सांग."

तो पुन्हा सांगायचा. कसालच्या गाडीला थांबलेली माणसं वळून बघायची.

"घर नाय तुका?"

"आसा."

"झील नाय?"

"आसा."

"मगे हय कित्याक बसलंस?"

घर आहे, मुलगा आहे म्हणणारा तो यावर मान खाली घालायचा. रोज हाच प्रश्न, रोज हीच मान. मी ती खाली गेलेली मान बघून घ्यायची आणि मग पट्टी सोडायला बसायची.

आणखी एक सांगायचं राहतं. ते सांगायला मला जड जातंय. जखमेला चिकटलेली पट्टी काढताना आधी सलाइन ओतून थांबायचं असतं, दोन-तीन मिनिटं, म्हणजे कापड सुटं होतं. दुसऱ्या दिवशी मी थांबले नाही. ओढली. तो कळवळला, बाकाचा पाय धरला. तिसऱ्या दिवशीही मी थांबले नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मी हे कधी केलं नव्हतं, आणि करताना मला लाज वाटली असं म्हटलं तर ते खोटं होईल. लाज नंतर आली, तीही अर्धीच.

आमचा रिक्षावाला रविवारी कात्री आणि मशीन घेऊन येतो. ज्यांना हवं असेल त्यांचे केस कापतो, दाढी करतो. उवा असतील तर केस पूर्ण उतरवतो. त्या रविवारी माझ्या दिराची पाळी आली. केस झाले, दाढी झाली.

"मिशी नको," दीर म्हणाला आणि तिच्यावर हात ठेवला.

रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला. उवांचं मी ठरवते.

मी वाकून बघितल्यासारखं केलं. मिशीत एकही ऊ नव्हती. "आसत," मी म्हणाले. "काढून टाक."

"मिशी नको रे," दीर पुन्हा म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"उवा सगळ्यांक लागतल्यो," मी म्हणाले. "हात काढ."

त्याने हात काढला. मशीन फिरलं आणि मिशी त्याच्या मांडीवर पडली. खालचा ओठ आणि वरचा ओठ, दोन्ही अगदी पातळ निघाले. इतकी वर्षं ज्या मिशीची मला भीती वाटत होती तिच्याखाली असं म्हातारं, दात गेलेलं तोंड होतं. त्याने पंजाने तोंड झाकून घेतलं आणि नंतर पेज पिताना तेवढा तो हात काढला.

मी त्या दिवशी मार्केटातून बांगडे घेतले, तिखलं केलं आणि पोटभर जेवले. दुपारी गाढ झोपले.

दुसऱ्या सकाळी टीचरनी मला कँटीनच्या बाकावर बसवलं. दोन चहा सांगितले. रिक्षावाला लांब रिक्षा पुसत उभा होता, मुद्दाम आमच्याकडे पाठ करून. मला कळलं की त्याने सांगितलंय.

"मिशयेत उवा होत्यो?" टीचरनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. त्यांच्याशी बोलले नाही. "नाय."

"कोण तो?"

मी सांगितलं. दिराबद्दल त्यांना सगळं माहीत होतं, फक्त त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या बाकाकडे नजर टाकली आणि कप खाली ठेवला.

"तुझो राग तुझ्याजवळ ठेव," त्या म्हणाल्या. "मी सोड म्हणूचंय नाय. पण माझ्या पेजेच्या टोपाआड उभी ऱ्हवान सूड घेव नको. घेवचो तर भायर घे, तुझ्या नावान घे. उद्यापासून त्याच्या पायाक तू हात लावू नको."

मला भयंकर राग आला. "टीचर," मी म्हणाले, "तुमका कोणी घरातसून भायर काढूक नाय."

"खरा आसा ता," त्या म्हणाल्या. एवढंच. मी चहा न पिता उठले.

त्यानंतर त्याच्या पायाचं ड्रेसिंग टीचर स्वतः करू लागल्या. त्यांचे हात थरथरतात. कापूस एकीकडे, औषध दुसरीकडे. मी दोन हात लांब उभी राहून एकेक वस्तू त्यांना द्यायची, आणि त्या दर वेळी पट्टीवर सलाइन ओतून घड्याळ बघत थांबायच्या. तिसऱ्या दिवशी दिराने तोंडावरचा पंजा काढला आणि माझ्या दिशेने तोंड करून म्हणाला, "गो, तूच कर. बाईंच्या हातान दुखता."

'गो'. ज्या सुरात त्या घरात पाणी मागितलं जाई, तोच सूर. मी हातातली कात्री खाली ठेवली.

"माका वळखलंस?" मी विचारलं.

"पयल्याच दिसा. डोळ्यांनी दिसना नाय, पण आवाज कळता."

म्हणजे मी रोज 'नाव काय तुझा' विचारत होते, ते त्याला माहीत होतं की कोण विचारतंय. पट्टी ओढली तेव्हा माहीत होतं. मिशीवरचा हात काढला तेव्हाही माहीत होतं.

टीचर उठल्या आणि पेजेच्या टोपाकडे गेल्या. आम्हाला दोघांना सोडलं त्यांनी.

"मगे गप कित्याक ऱ्हवलंस?" मी म्हणाले.

तो सांगू लागला. बायको वारल्यावर एक दिवस मुलगा डोळे दाखवायला जाऊया म्हणून त्याला गाडीत घालून कणकवलीकडे घेऊन गेला. कणकवलीच्याही पुढे नेऊन नांदगावच्या रेल्वे स्टेशनवर उतरवलं, पाणी घेऊन येतो म्हणाला आणि आला नाही. दीर तिथे चार दिवस बसला. मुलगा परत येईल म्हणून दोन दिवस, आणि उठायचं कुठे म्हणून दोन दिवस. "मगे म्हटलंय, तू मालवणात आसंस. स्टँडार येतंस ता वाडयेत सगळ्यांक म्हायत आसा. भावजय ती भावजय. तू करतलंस, माका म्हायत होता. म्हणान हय येवन बसलंय."

 तो चुकून इथे येऊन पडला नव्हता. कसालच्या गाडीच्या फलाटावर, शेवटच्या बाकाखाली तो माझी वाट बघत बसला होता, माझ्यावर हक्क सांगायला. एकवीस वर्षांपूर्वी त्या घरात माझं काही नव्हतं. आता मी पुन्हा भावजय झाले होते, कारण त्याच्या पायात किडे पडले होते.

मी थांबले. वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. त्या सकाळबद्दल, ट्रंकेबद्दल. एक शब्द बोलला असता तर माझं काय झालं असतं, मला माहीत नाही.

"पेजेत वायच मीठ कमी पडता गो," तो म्हणाला. "सांग त्येंका."

त्या दिवशी मी ठरवलं की हा माणूस माझ्या स्टँडवर राहणार नाही. आमच्या गटाला एखाद्या माणसाला आश्रमात जागा मिळवून द्यायला तीन-तीन महिने लागतात. एक कागद आहे तर दुसरा नाही, आज साहेब नाहीत तर उद्या सुट्टी. त्याच्या बाबतीत मी नऊ दिवसांत सगळं केलं. बांद्याजवळ चर्चच्या सिस्टर लोकांचा एक वृद्धाश्रम आहे, तिथे टीचरनी फोन केला. एक खाट रिकामी होती. त्यांना आधार कार्ड हवं होतं, डॉक्टरांचा दाखला हवा होता आणि पोलिसांचं पत्र. दाखला मी माझ्या डॉक्टरांकडून एका दुपारी घेतला. पोलीस स्टेशनवर मी दिराला रिक्षात घालून नेलं. तिथल्या हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजोबा, मुलाविरुद्ध तक्रार देता येते. कायदा आहे. त्याला तुम्हाला सांभाळावंच लागेल."

मला तर हेच हवं होतं. बाप आणि मुलगा, दोघंही एकदम सापडले असते.

"नको," दीर म्हणाला. "झील तो माझो."

इतक्या पटकन. मुलाने स्टेशनवर टाकलं त्याला महिनाही झाला नव्हता आणि तो एका दमात सगळं सोडून मोकळा झाला. मी बाहेर येऊन पोलीस स्टेशनच्या पायरीवर बसले आणि दात आवळून धरले.

आधार कार्डासाठी मी त्या घरी गेले. एकटी गेले, रिक्षा गडग्याबाहेर थांबवली. एकवीस वर्षांत त्या खळ्यात पाय ठेवला नव्हता. चिऱ्याच्या भिंतींना पिवळा रंग दिलेला, पडवीत एसीची यंत्रं, दारात होमस्टेची इंग्रजी पाटी. माझी ट्रंक ठेवली होती त्याच जागी टेबलं मांडलेली होती आणि मुंबई-पुण्याकडची सात-आठ माणसं घावणे आणि नारळाचा रस खात होती. पुतण्या हातात ट्रे घेऊन आला. मला त्याने ओळखलं नाही.

"बोला मॅडम, रूम हवी आहे का?"

"रूम नको," मी म्हणाले. मी मुद्दाम शुद्ध मराठीत बोलले, दवाखान्यात बोलते तशी, म्हणजे सगळ्या टेबलांना कळावं. "तुमच्या वडिलांचं आधार कार्ड हवंय. ते मालवणच्या एस्टी स्टँडवर जमिनीवर झोपतात. तुम्ही त्यांना नांदगाव स्टेशनवर सोडून आलात ना, तिथून ते आलेत. त्यांच्या पायांत किडे झाले होते, ते मी काढलेत."

खाणारे हात थांबले. पुतण्याचा चेहरा बदलला. त्याने ट्रे ठेवला आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काकी, भितुर ये मगे. हय नको."

"भितुर येवचंय नाय," मी म्हणाले आणि पुन्हा शुद्ध मराठीत आवाज चढवला. "मी इथेच उभी राहते. कार्ड आणा."

"तुका म्हायत नाय म्हातारो कसो वागता तो."

"तुझ्यापेक्षा जास्त म्हायत आसा."

त्याने टेबलांकडे एकदा वळून बघितलं. मग म्हणाला, "तुका तर त्यानाच भायर काढल्यान. आणि तू त्याच्यासाठी भांडूक इलंस?"

"त्याच्यासाठी नाय," मी म्हणाले.

तो आत गेला आणि कार्ड घेऊन आला. प्लास्टिकच्या पाकिटात होतं, सहज हाताशी ठेवलेलं. मी फाटकापाशी पोचेपर्यंत मागे टेबलावरच्या एका पाहुण्या बाईचा आवाज चढला होता, ती आपल्या नवऱ्याला काहीतरी विचारत होती. रिक्षावाल्याने दोन दिवसांनी मला सांगितलं की त्या लोकांनी त्याच दुपारी खोल्या सोडल्या. तो दिवस माझ्यासाठी फार चांगला होता. तसा दिवस मला पुन्हा मिळायचा नाही.

बांद्याला आम्ही सकाळी रिक्षाने पोचलो. मागच्या सीटवर टीचर, मी आणि दीर. त्याला त्यांनी धुतलेला सदरा आणि लेंगा दिला होता, नवीन चपला दिल्या होत्या.  आश्रमाच्या ऑफिसात सिस्टरनी फॉर्म पुढे ठेवला आणि विचारून विचारून भरायला सुरुवात केली. नाव, वय, गाव, आजार. मग त्या म्हणाल्या, "नातेवाईक कोण?"

दीर माझ्या बाजूला वळला. "ही आसा," तो म्हणाला. "भावजय माझी."

मी सिस्टरच्या हातातलं पेन मागून घेतलं. त्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं आणि त्याला दिसत नाही म्हणून मोठ्याने वाचलं, "नातेवाईक, कोणी नाही."

 सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. "आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मी ड्रेसिंग करते."

दिराचे ओठ हलले. "तुझ्या मनात अजून ता आसा?" त्याने विचारलं.

"आसा," मी म्हणाले. "सगळा आसा."

त्याने मान हलवली. दोन मुली त्याला धरून खाटेकडे घेऊन गेल्या. तो भिंतीला हात लावत लावत गेला. परत येताना टीचर रिक्षात झोपल्या, की झोपल्यासारखं केलं, कोण जाणे. फॉर्मवर लिहिलं ते मी, त्या म्हणाल्या होत्या तसं, भायर, माझ्या नावाने केलं होतं. 

याला आता दीड वर्ष होईल. टीचर दर महिन्याला आश्रमात कपडे घेऊन जातात, मी सोबत जाते आणि बाहेर रिक्षात बसून राहते. त्याचे पाय भरले आहेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या मी पाठवते, दवाखान्यातून, न चुकता. चर्चमधल्या बायकांना वाटतं की माझं मन पाझरलं. त्यांना मी दुरुस्त करत नाही.

गेल्या पावसाळ्यात सिस्टरचा फोन आला. त्याच्या छातीत कफ झाला होता, ताप उतरत नव्हता, तो काही खात नव्हता. मी रजा टाकली. सावंतवाडीला दवाखान्यात त्याला दाखल केलं आणि दोन दिवस खाटेशेजारी स्टुलावर बसले. सलाइन संपतंय का बघितलं, नर्सला हाका मारल्या, वाफ दिली, चमच्याने पाणी पाजलं. तो आता यातून उठणार नाही असं डॉक्टरांना वाटत होतं. मला तसं होऊ द्यायचं नव्हतं. तिसऱ्या सकाळी ताप उतरला आणि त्याने चहा मागितला.

टीचर बसने आल्या होत्या, ओल्या छत्रीसकट. दारात उभ्या राहून त्यांनी हे सगळं पाहिलं. मग मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"कित्याक गो एवढा?" त्यांनी विचारलं. "खरा सांग."

"एवढ्यात सुटूक देवचंय नाय त्याका," मी म्हणाले. "खूप वर्सा जगूक व्हयो तो. थंयच. लोकांच्या हातचा खावन."

 मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण टीचरना हसू आलं. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले, मग त्यांनी तोंडावर रुमाल धरला. व्हरांड्यातली माणसं बघायला लागली. मी हसले नाही. मी थर्मास उचलला, खाली कँटीनमधून चहा भरून घेतला आणि पुन्हा जिना चढायला लागले.